ठोकबाईंनी राखून ठेवलेला पोचा

ठोकबाई नवऱ्याला मारतात, अशी आमच्या गल्लीत बोलवा होती. दुपारचा चहा झाला की त्यांच्या घरामागच्या शेडमधून दणादण आवाज यायचे, मध्येच कुणी कण्हल्यासारखं व्हायचं, आणि पाठोपाठ ठोकबाईंचा आवाज, "सरळ हो मेल्या, किती वेळा सांगायचं." समोरच्या घरातल्या काकूंनी तर ठोकबाईंच्या यजमानांना लंगडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढा पुरावा गल्लीला पुष्कळ झाला.

खरी गोष्ट अशी की मार खात होता तो एका जुन्या गाडीचा मडगार्ड. कण्हत होतं ते तिच्या दाराचं बिजागर. आणि यजमान लंगडत होते, कारण ते शिंपी, सगळा जन्म शिलाई मशीनच्या पायडलवर गेलेला. कुणी तोंडावर विचारलंच तर ते चष्मा वर करून म्हणायचे, "मारते ना. पण शिवण उसवू देत नाही."

तर मार बसत होता मडगार्डला, पण राग होता दादावर. दादा म्हणजे ठोकबाईंचा थोरला भाऊ, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारा मोठा वर्कशॉपवाला. त्याला हिशेबावरून बोला, पोटावरून बोला, हसून सोडून देईल. गाडी चालवण्यावरून मात्र कुणी ब्र काढायचा नाही. स्टिअरिंग हातात धरूनच आपण जन्माला आलो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

वर्कशॉप मूळचं वडिलांचं. गाड्यांचे पोचे काढायचं काम. दोन्ही मुलं तिथेच, ग्रीसमध्ये लोळत वाढली, पण हातोडी बसली ती धाकटीच्या हातात. वडील गिऱ्हाइकांना सांगत, "हिच्या हाताला कान आहेत. पत्रा कुठे दुखतो ते हिला ऐकू येतं." वडिलांची स्वतःची दोन दारांची एक कूपे गाडी होती, गोल पाठीची. तिच्यासमोरच्या भिंतीवर मासिकातून कापलेलं एक चित्र चिकटवलेलं. तशीच कूपे, पण छत खाली उतरवलेलं, पुढचे मडगार्ड काढून टाकलेले, इंजिन उघडं, मागची चाकं पैलवानाच्या मांड्यांसारखी. "एक दिवस आपण दोघं हिला अशी करू," असं वडील धाकटीला म्हणायचे. दोघं म्हणजे कोण, हे दादाच्या बरोबर लक्षात यायचं.

वडील परगावी गेले असताना दादानं ती कूपे मागे घेतली आणि फाटकाच्या दगडी खांबावर नेऊन आदळली. मागचा उजवा कोपरा फाटला. वडील परत येईपर्यंत कोपरा गुळगुळीत होऊन वर रंगही चढला होता. दादा म्हणाला, "धाकटीनं ठोकली. मी दुरुस्त केली." वडिलांनी तळवा फिरवला, बोटाला काही लागलं नाही. म्हणाले, "पोराला हात आहे." धाकटी म्हणाली, मी ठोकलेली नाही. वडील म्हणाले, "ठोकली त्याचं काही नाही. खोटं बोलतेस त्याचं आहे. हातोडी ठेव खाली." स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती एवढंच म्हणाली, "दादा कशाला खोटं बोलेल?"

त्या दिवसापासून वर्कशॉप दादाचं झालं. धाकटी लोखंडी कपाटांच्या कारखान्यात लागली आणि रिटायर होईपर्यंत कपाटांचे पोचे काढत राहिली. कपाटं बिचारी बोलत नाहीत, म्हणून तिथे तिचं बरं जमलं. वडील गेले तेव्हाही त्या कोपऱ्याचा विषय निघाला नाही. पण ठोकबाई विसरल्या असतील असं ज्याला वाटलं, त्यानं त्यांना भाजीवाल्याशी बोलताना ऐकलेलं नाही. मागच्या वर्षीची नासकी काकडी त्या त्याला अजून ऐकवतात.

कूपे वर्कशॉपच्या मागे गंजत पडली होती. दादाला तिथे गाड्या धुवायची जागा करायची होती. बहिणीला फोन करून म्हणाला, "तुला बाबांची आठवण म्हणून हवी तर ने. कोंबड्या ठेवायला बरी आहे." ठोकबाईंनी टेम्पो पाठवला आणि वर धन्यवादही म्हटलं. त्यांचा तो धन्यवाद ऐकून यजमान म्हणे सुई ओवायची विसरले.

मग शेडमध्ये ठोकाठोकी सुरू झाली. गंजलेला तळ कापून नवा पत्रा बसवला. दारांच्या खालच्या कडा वाळूच्या पिशवीवर ठोकून वळवल्या. पुढचे मडगार्ड उतरवले. दारांचे बाहेरचे हँडल काढून भोकं वेल्डिंगनं बंद केली, आतून तार ओढून दार उघडेल अशी सोय केली. इंजिन एका ओळखीच्या मेकॅनिककडून घेतलं, पण पत्र्याला दुसऱ्या कुणाला बोट लावू दिलं नाही.

खरी परीक्षा छताची. छत खाली उतरवायचं म्हणजे काचांमधले खांब कापायचे, छत उचलायचं, खांबांचा तुकडा काढायचा आणि छत परत ठेवायचं. ऐकायला सोपं. पण खांब तिरके असतात, खाली आलेलं छत तोकडं पडतं, टोकांना टोकं भेटत नाहीत. मग छतालाच मधोमध चिरून आत पत्र्याची पट्टी घालावी लागते. यजमान टेप धरून उभे होते. म्हणाले, "थोडी ढील ठेव, कपड्यात ठेवतात तशी."

"पत्रा धुतल्यावर आटत नाही, अहो."

"मग उतरवायचं तरी किती?"

"दादाला आत डोकावायचं तर मान खाली घालावी लागेल, इतकं. आणि आईला घालावी लागणार नाही, इतकं."

दादा ताडमाड, आई चिमणीएवढी. दोघांची मापं बाईंना तोंडपाठ होती. यजमानांनी त्यावर टेपच गुंडाळून खिशात टाकला.

सगळ्यात शेवटी त्या मागच्या उजव्या कोपऱ्याकडे वळल्या. घासायचं मशीन लावलं तसे रंगाखालून पुट्टीचे पोपडे निघाले, टोस्टएवढे जाड. पुट्टीमागे पत्रा नव्हताच. होतं ते फाटलेलं भोक, आणि भोकात कोंबलेला कापडाचा बोळा. यजमानांनी तो ओढून काढला, झटकला, आणि सवयीनं कॉलर उलटून पाहिली. "पुरुषाचा शर्ट. निळ्या चौकड्या. शिलाई बरी आहे."

ठोकबाई खाली बसल्या. तो दादाचा शर्ट होता. वाळत घातलेला वाऱ्यानं उडाला म्हणून आईनं त्यांनाच कितीतरी दिवस बोल लावला होता, दोरीला चिमटे लावायची अक्कल नाही म्हणून. पोचाही त्यांच्याच नावावर, शर्टही त्यांच्याच नावावर. त्या इतक्या हसल्या की समोरच्या काकूंना वाटलं, आज यजमानांनी उलटून मारलं.

हसणं संपल्यावर यजमान म्हणाले, "जातेस आता तोंडावर फेकायला?"

"फेकायला कशाला? धुवा, इस्त्री करा आणि त्याची उशी शिवा. आईला गाडीत पाठीशी लागेल."

भोकाच्या धारदार कडा त्यांनी घासून बोथट केल्या. पोचा मात्र तसाच ठेवला, नागडा पत्रा, वर नुसतं पारदर्शक वार्निश. बाकी सगळ्या गाडीला वांग्याच्या सालीसारखा रंग दिला. त्या रंगात तो पोचा असा उठून दिसायचा, जसा लग्नाच्या फोटोत रुसलेला मामा.

जुन्या गाड्यांचा मेळावा दादाच भरवायचा. मैदानावर गाड्या रांगेत, चहाची टपरी, चारी कोपऱ्यांत कर्णे आणि हातात माइक घेतलेला दादा. आमची गल्ली झाडून हजर होती, कारण ठोकबाईंनी स्वतः आमंत्रण दिलं होतं आणि त्या उगाच कुणाला बोलावत नाहीत. सकाळीच त्या दादाच्या घरून आईला घेऊन आल्या होत्या. आई पुढच्या सीटवर उशीला टेकून बसली होती, ताठ. डोक्यावर चार बोटं जागा.

दादा एकेका गाडीचं कौतुक करत तिथवर आला. क्षणभर थबकला. पण माइक हातात असला की त्याची जीभ त्याला सोडून पुढे जाते. "आणि ही आमच्या बहिणीची हौस. छान जमलीय. मागचा कोपरा तेवढा राहिला. तो पोचा तिच्याच हातचा आहे, लहानपणीचा. बायका आणि रिव्हर्स, काय बोलणार."

लोक हसले. ठोकबाई पण हसल्या.

आतून आई म्हणाली, "दादा, इकडे ये. ही उशी बघ. हा तुझा शर्ट ना?"

दादानं मान खाली घातली, आणखी खाली घातली, तेव्हा कुठे त्याचं डोकं खिडकीतून आत गेलं. माइक हातातच होता. "कुणास ठाऊक, आई. असल्या चौकड्या पुष्कळांच्या असतात."

"खिशावर माझं रफू आहे," आई म्हणाली. "हा उडाला म्हणून मी हिला बोलत होते."

"उडाला नव्हता," ठोकबाई म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात बोळा करून बसवला होता. वर पुट्टी, वर रंग. त्याच्यावर बाबांनी हात फिरवला आणि म्हणाले, पोराला हात आहे."

दादा लाल झाला. "तेव्हा सगळेच तसं करायचे. आणि मुळात गाडी ठोकली कुणी, ते बोल ना."

"मीच. दुसरं कोण?" ठोकबाईंचा आवाज मधासारखा झाला. "एवढं रुंद फाटक, एवढा थोरला खांब, तरी दिसला नाही. मागे जाताना पुढे बघत असेन. ब्रेक कुठला, क्लच कुठला, तेही कळत नसेल. असल्या माणसाला बाबांनी हातगाडी द्यायला हवी होती, दादा. गाढव होतं ते, जे कोण चालवत होतं."

"ब्रेक लागलाच नाही," दादा म्हणाला. "पूर्ण दाबला होता मी. आणि उतार होता तिथे, तुला काय माहीत, तू होतीस कुठे?"

चारी कर्ण्यांनी ते वाक्य टपरीपर्यंत पोचवलं. चहावाल्याचं गाळणं हातातच राहिलं. दादानं डोकं बाहेर काढायची घाई केली आणि ते छताच्या कडेवर आपटलं. तोही आवाज कर्ण्यांतून आला.

आई उशीवरच्या रफूवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी म्हटलं होतं, दादा कशाला खोटं बोलेल." ठोकबाईंचा हात तिनं धरला, उलटा केला, तळव्यावरचे घट्टे बघितले. "गाडी काढ. मला एक चक्कर मारून आण."

कूपे गुरगुरत मैदानभर फिरली. जिथून गेली तिथे लोक वाकून मागचा कोपराच बघत होते. वांग्याच्या रंगाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ठोकबाईंची त्याला हरकत नव्हती.

परत आल्या तेव्हा दादा उभा होता, या वेळी माइकशिवाय. कपाळावर टेंगूळ. हळू आवाजात म्हणाला, "झालं समाधान? चारचौघांत व्हायचं ते झालं. आता तरी तो पोचा बुजवून टाक, धाकटे."

ठोकबाईंनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बुजवते की. शर्ट काढ."