कागदावरची की खरी?

आता काय सांगू तुम्हाला, माझं डोकं शाबूत आहे हे सिद्ध करायला मी आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेलो आणि तिथेच माती खाल्ली!

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. इंग्लंडात लीड्सला होतो. ब्लडप्रेशरची गोळी नुकती सुरू झाली होती आणि आमच्या मराठी मंडळात कुणीतरी बटाटेवडा खाता खाता म्हणालं, "या गोळ्यांनी मेंदू जातो हं!" झालं! माझी गोळी बंद. बायको रोज ओरडायची, मी रोज नाही म्हणायचो. बाकी काही जाऊ दे, डोकं जाता कामा नये!

शेवटी तिला घेऊन मीच जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. कोवळा, गोरा डॉक्टर. मी आत शिरताच ठणकावलं, "गोळी घेणार नाही. मेंदू उत्तम आहे, हवा तर तपासा!"

"ठीक. जन्मतारीख?"

"कागदावरची की खरी?"

त्याचं पेन थांबलं. "दोन आहेत?"

"अहो, शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून टाकली. सगळ्या वर्गाचीच एक जून!"

"सगळ्या वर्गाची?" लहान मुलाशी बोलावं तसं तो हळूच म्हणाला.

"हिचीसुद्धा!"

बायको मदतीला धावली. "यांचा खरा जन्म त्रिपुरी पौर्णिमेचा. तारीख दरवर्षी बदलते."

घ्या! डॉक्टर भराभरा लिहायला लागला. मग म्हणाला, शंभरातून सात-सात वजा करत जा. मी जोशात मराठीतच सुटलो, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." त्याला काय कळणार, कप्पाळ! तो आणखी लिहितोय, मी आणखी तापतोय.

शेवटी त्याने पेन ठेवलं. "प्रेशर असंच वाढलेलं राहिलं, तर मेंदूला धोका जास्त. पण तुम्हाला एवढी भीती कशाची?"

मग मात्र खरं बोललो. "माझे वडील शेवटी मला ओळखेनात. फार लागलं हो ते मनाला."

"त्यांना प्रेशर होतं?"

"भयंकर!"

"गोळ्या घ्यायचे?"

"छे!" मी छाती पुढे काढली. "आमच्या अण्णांनी जन्मात एक गोळी घेतली नाही!"

डॉक्टर माझ्याकडे बघतोय. बायको माझ्याकडे बघतेय. मी काय बोललो, ते आम्हा तिघांत सगळ्यात उशिरा कळलं मला!

बायकोने पर्समधून गोळी काढून हातावर ठेवली. घेतली मी. पण सांगून ठेवतो, पाणी मागितलं नाही!