दोन साखळ्यांची खेळपट्टी

साठी उलटल्यावर लेगस्पिन शिकायला घेतलेला माणूस अख्ख्या वाशी तालुक्यात एकच झाला, आणि तो माझा साडू होता. ही गोष्ट नीट सांगायचं मी तीन वर्षं टाळत आलो आहे. त्यांचा विषय निघाला की मी लिंबाची आणि रिक्षाची गंमत सांगतो, लोक हसतात आणि मी तिथंच थांबतो. आज थांबणार नाही. पण साडू कसे होते हे कळल्याशिवाय पुढच्याला काही अर्थ नाही, म्हणून आधी तेच.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, ते यजमान. मोजणी खात्यात होते. उभी नोकरी त्यांनी लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवण्यात घालवली. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंपैकी कुणाच्या घरचा चहा तर सोडाच, पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. स्वतःचा तांब्या सोबत न्यायचे. येरमाळ्याच्या बाजूला एकदा दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तेव्हा हे साखळी ताणून मधे उभे राहिले आणि म्हणाले, "मारामारी करायची तर खुशाल करा, पण साखळीवर पाय देऊ नका." भाऊ इतके चक्रावले की भांडायचं विसरले. मोजणी संपली की दोन्ही बाजूंकडून कागदावर 'मोजणी मान्य' असं लिहून सही घ्यायची, आणि वर एक वाक्य ठरलेलं: "मोजणाऱ्यानं बघितलंय. आता भांडायचं न्हाय." हे वाक्य ध्यानात ठेवा.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत आक्का गेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. गावाबाहेरच्या त्या घरात साडू एकटे उरले. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून ते दिवसभर टीव्ही लावून ठेवत. काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. असंच एकदा क्रिकेटचा सामना चालू असताना समालोचक म्हणाला की खेळपट्टी बावीस यार्डांची असते. साडूंनी जेवता जेवता हिशोब केला. बावीस यार्ड म्हणजे सहासष्ट फूट. त्यांची मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते आमच्या दारात, हातात ती जुनी साखळी.

"पाव्हणं, चला. एक मोजायचंय."

घरामागच्या पडीक तुकड्यात आम्ही साखळी दोनदा टाकली. साडूंनी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या आणि आक्का गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. "दोन साखळ्या! कमी न्हाय, जास्त न्हाय! पाव्हणं, ज्यानं हा खेळ काढला तो आमच्याच खात्यातला असणार." पट्टी आखून झाल्यावर ती रिकामी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. आखलेल्या जमिनीत काहीतरी पेरलंच पाहिजे, तसं.

मग साहित्याची खरेदी. त्यासाठी आम्ही एसटीनं धाराशिवला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, नातवाला पायजे का?" साडू म्हणाले, "मला." दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं; मी छताकडं पाहिलं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलं की नवशिक्यानं टेनिस बॉलवर हात बसवावा, लेदर नंतर. साडूंना ते पटेना. "लाकडी साखळीवर मोजणी शिकून लोखंडीवर काम करतेत का?" खिशातून त्यांनी दोरा, पट्टी आणि भिंग काढलं. एकेका चेंडूचा घेर दोऱ्यानं घेतला, पट्टीवर लावला, शिवणीचे टाके भिंगातून तपासले. अकरा चेंडू नापास झाले. बारावा त्यांनी नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा." मग बूट. बुटात पाय घालून चार पावलं टाकणारं हे गिऱ्हाईक नव्हतं. ते थेट दुकानाबाहेर गेले, रस्त्याच्या कडेनं सहा पावलं धावले आणि चेंडू न घेताच हात गर्रकन वर नेऊन बॉल टाकला. एक रिक्षा कचकन थांबली. "कुठं जायचं, काका?" साडू गंभीरपणे म्हणाले, "कुठं न्हाय. टाच बघतोय."

त्या दिवसापासून त्यांच्या हातात गोल वस्तू आली की ती फिरू लागली. कांदा, मोसंबी, देवळातला नारळ. आमच्याकडं चहाला आले की फडताळातलं लिंबू उचलून मनगटाला झटका देत बसायचे. माझी बायको शेवटी ओरडायची, "दाजी, ते लिंबू ठिवा की खाली! सरबत करायचंय, औट न्हाय करायचं कुणाला!" फोनवर गोलंदाजीचे धडे बघताना ते दर मिनिटाला थांबवून मोजणीच्या वहीत टिपण काढत. बॉलचा टप्पा कुठं पडला त्याचा रोज नकाशा. पहिले दोन महिने सगळे टप्पे शेजाऱ्याच्या तुरीत. "अतिक्रमण," साडू स्वतःच शेरा मारत आणि चेंडू शोधायला तुरीत शिरत. मग हळूहळू टप्पे पट्टीवर आले. मग त्यांनी पट्टीवर टॉवेल अंथरला. वर्षभरानं टॉवेल काढून तिथं हातरुमाल ठेवला, आणि दहातले चार बॉल त्या रुमालावर पडून असे काही वळू लागले की मी, ज्यानं शाळेच्या नोकरीत तीस वर्षं पोरांच्या सामन्यांना अंपायरिंग केलं, तो बघत राहायचो.

समोर बॅट घेऊन कुणी नसायचं. एक स्टंप, तोही मोजणीच्या झेंडीची काठी. बॉल टाकायचा, सहासष्ट फूट चालत जायचं, कधी त्याच्याही पुढं, बॉल घ्यायचा, परत यायचं. मी एकदा दुसरा चेंडू भेट नेला. म्हटलं, हेलपाटे कमी होतील. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, कौतुक केलं आणि मला परत दिला. "नको पाव्हणं. दोन असले की लवकर सरतंय. मग घरात जावं लागतंय."

मला तेव्हा त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. मी चेंडू पिशवीत घालून घरी आलो.

जानेवारीत आमच्याकडं पेन्शनर विरुद्ध नोकरदार असा एक गमतीचा सामना होतो. त्या वर्षी पेन्शनरांत अकरावा माणूस मिळेना, म्हणून साडूंना घेतलं. अंपायर अर्थातच मी. खेळपट्टीची मापं आणि चुन्याच्या रेषा सकाळी साडूंनीच घातल्या. दुसऱ्या कुणी घातलेल्या रेषेवर त्यांचा विश्वास बसला नसता. शेवटची ओव्हर त्यांना मिळाली. समोर पंचायत समितीतला एक तरुण कारकून होता, पन्नाशी ठोकून मस्तीत आलेला. साडूंनी माझ्या हातात टोपी दिली आणि तो तिकडून ओरडला, "गुरुजी! बॉलर घरचा, अंपायर बी घरचा! बोट जरा खिशात ठिवा की!" सगळं मैदान हसलं. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या मानेवर बसलं.

पहिले तीन बॉल त्यानं मारले. चौथा साडूंनी सोडला तो मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. सहा पावलं. पुढचा पाय पडला, टाच चुन्याच्या रेषेच्या चांगली चार बोटं मागं. बॉल उंच गेला, तरंगला, लेगच्या बाहेर पडला आणि वळला. कारकुनानं बॅट फिरवली ती हवेत. ऑफ स्टंप मागं झुकला, बेल खाली. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. कारकून बॅट काखेत मारून निघालासुद्धा होता. साडू माझ्याकडं वळले. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं, डोळ्यांत आलं होतं. आणि मला ऐकू आलं: बॉलर घरचा, अंपायर बी घरचा.

माझा हात आडवा झाला. "नो-बॉल."

नो-बॉल पाय पडतानाच पुकारायचा असतो. मी बेल खाली पडल्यावर पुकारला. हे ज्याला कळत होतं तो मैदानावर एकच माणूस होता, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता. तो स्वतःच्या पायाकडं बघत होता. पण पुढं टाकलेल्या पावलानं माती विस्कटली होती, खूण उरली नव्हती. साडूंनी मान हलवली, चेंडू आणायला स्वतः गेले आणि उरलेली ओव्हर रेषेच्या हातभर मागून टाकली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात माझं कौतुक. "गुरुजी म्हंजे गुरुजी! साडूला बी सोडलं न्हाय." आणि खरं सांगायचं तर तो चहा मला गोड लागला. निःपक्षपाती म्हणून माझं नाव टिकावं यासाठी मी एवढा धडधडीत पक्षपात केला होता, आणि वर लोकांची शाबासकी घेत होतो.

त्या संध्याकाळी साडू घरी आले. मला वाटलं, आता भांडतील. भांडले असते तर सगळंच सोपं झालं असतं. त्यांनी वही उघडली, पेन्सिल काढली.

"किती होता?"

"काय?"

"पाय. लायनीच्या किती पुढं? मला दिसला न्हाय. तुमी बघितलाय."

खरं सांगायचा तो क्षण होता. बायको आत पोहे परतत होती, तेलाचा वास येत होता, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणालो, "बोटभर."

"बोटभर," त्यांनी लिहून घेतलं. मग पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले आणि गेले.

पुढची तीन वर्षं साडू ते बोटभर दुरुस्त करत होते. खेळपट्टीच्या टोकाला त्यांनी रोज नव्यानं चुना घातला. रनअप पाच पावलांचा केला, मग साडेपाच, मग पुन्हा सहा पण आखूड. तेवढ्यानं भागेना म्हणून बूट घेऊन चांभाराकडं गेले आणि टाचेच्या मागं बोटभर रबर लावून मागितलं. टाच रेषेच्या आत राहिली पाहिजे ना, मग टाचच मागं वाढवायची. चांभार म्हणाला, "काका, एवढ्या वर्षांत बूट मागं वाढवायला आलेलं गिऱ्हाईक तुमीच." ते बूट घालून ते बदकासारखे चालत. मी ही गंमत म्हणूनही लोकांना सांगितली आहे. दर जानेवारीत त्यांना सामन्याचं बोलावणं जाई आणि दरवर्षी उत्तर तेच: "हद्दीचं काम बाकी हाय. उगं दुसऱ्याच्या रानात पाय नको." आयुष्यभर लोकांना रेषा ओलांडू नका म्हणून सांगितलं, आणि आता आपणच ओलांडली हे त्यांना सहन होत नव्हतं.

मी सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा ते देवळात होते, दुसऱ्यांदा त्यांना ताप होता. कारणं मला नेहमीच सापडली. तिसऱ्यांदा गेलो ते गेल्या दिवाळीच्या आधी. सकाळची वेळ, तुरीला फुलं आलेली, आणि साडू एकटेच चेंडू आणायला सावकाश चालत निघालेले. मला पाहून खूश झाले. "बरं झालं आलात. उभं ऱ्हावा तिथं. एक ओव्हर बघा."

मी अंपायर होऊन उभा राहिलो. त्यांनी सहा बॉल टाकले. प्रत्येक बॉल टाकला की स्टंपाकडं नाही, माझ्याकडं वळायचे.

"आत?"

"आत."

सहा वेळा. शेवटी धाप लागून ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. "साहीच्या साही?"

"साहीच्या साही. साडू, मला तुम्हाला एक..."

"थांबा, आधी माझं ऐका," ते म्हणाले. "दुसरा कुणी असता तर म्हातारं खेळतंय, खेळू द्या, असंच म्हणला असता. मुलगी बी तसंच म्हणती. तुमी एकट्यानं मला खेळाडूगत वागवलं. चूक होती ती चूक म्हणालात. घरच्या माणसाला असं सांगायला छाती लागती, पाव्हणं." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. चेंडू त्यातच होता, घामानं ओला.

मी तो चेंडू सदऱ्याला पुसून त्यांना परत दिला आणि घरी आलो.

या जानेवारीच्या सामन्यासाठी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून नाव दिलं. डिसेंबरात छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या मुलीनं माझ्याकडं एक पिशवी दिली. "काका, हे तुमच्याशिवाय कुणाला द्यावं कळंना." साखळी, चेंडू, ते मागं वाढवलेले बूट आणि वही. वहीत सामन्याच्या दिवसाचं पान आहे. खेळपट्टीचा नकाशा, दोन साखळ्या, प्रमाणासह. चुन्याची रेषा, तिच्यापुढं पायाची छोटीशी खूण. शेजारी त्यांचं रेखीव अक्षर: 'बोटभर पुढे. साडूंनी समक्ष पाहिले.' आणि तळाशी, नोकरीभर दुसऱ्यांकडून लिहून घेतलं ते, या वेळी स्वतःच्या सहीनिशी: 'मोजणी मान्य.'

त्या पानावर दुरुस्ती करायला मी दोनदा पेन उघडलं. पण ते पान त्यांचं आहे. म्हणून इथं लिहितो. साडू, ती मोजणी खोटी होती. टाच आत होती, चार बोटं आत. तो गडी औट होता आणि मी ते पाहिलं होतं. मला माफ करा, एवढं त्या दिवशी पोहे व्हायच्या आत म्हणायला हवं होतं.