आख्ख्या विमानाची छत्री

जी वस्तू ओढून, ताणून आणि उघडून पाहता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, या एकाच नियमावर आयुष्य काटेकोरपणे जगलेला मनुष्य मी एकच पाहिला आहे, आणि तो तेलगावात ताडपत्र्या शिवतो. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी शिक्षक होऊन मुलांच्या वह्या तपासू लागलो आणि तो उरलेले जग तपासू लागला. लग्नाच्या पंगतीत बसण्यापूर्वी तो मांडवाच्या चारही कोपऱ्यांच्या गाठी ओढून पाहतो. एकदा अशी एक गाठ त्याच्या ओढण्यानेच सुटली आणि अर्धा मांडव वऱ्हाडावर उतरला. मंडळी कापडाखालून त्याचा उद्धार करीत असताना हा बाहेरून समाधानाने म्हणाला, "बगा! म्हनत न्हवतो म्या?" एसटीत चढल्यावर जागा पकडण्याआधी तो संकटकालीन खिडकीची कडी हलवून पाहतो, त्यामुळे माजलगावच्या बाजूचे वाहक त्याला 'खिडकीवाले चाचा' म्हणूनच ओळखतात.

परंतु त्याच्या कारागिरीविषयी मात्र थट्टा नको. ऊसतोडीला निघणारी कुटुंबे कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, घालायची ताडपत्री त्याच्याकडूनच नेतात. त्याची घडी अशी, की एक टोक ओढताच सारी ताडपत्री अंगणभर पसरते. अवकाळी पाऊस आला की बाईच्या कडेवर लेकरू असते आणि हात एकच मोकळा असतो, हा त्यामागचा विचार. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दुकानासमोर एका हाताने ताडपत्री उघडायला लावतो. कोणी दुसरा हात लावलाच, तर "थांब बे, घडी चुकली माझी," म्हणून माल परत घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालतो.

अशा माणसाला त्याच्या नातीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. तीत एक छोटे विमान भल्यामोठ्या छत्रीला लोंबकळत शेतात उतरत होते. येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. काही लहान विमानांत प्रवाशांसाठी नव्हे, तर संपूर्ण विमानासाठी हवाई छत्री बसवलेली असते. विमान आवरेनासे झाले, किंवा इंजिन बंद पडून उतरायला जागा उरली नाही, तर छतातली लाल मूठ ओढायची. एक लहानसे रॉकेट छत्रीला बाहेर खेचते आणि विमान माणसांसकट खाली येते. पुरेशी उंची हाताशी असावी लागते, विमानाची मोडतोडही होते. पण माणसे बहुधा वाचतात. वेगात छत्री एकदम उघडली तर फाटेल, म्हणून तिच्या दोरांवर एक सरकते कापडी कडे असते, ते तिला बेताबेताने फुलू देते. हे कडे मी त्याला फळ्यावर काढून समजावले. तो आकृतीतल्या कड्यावर बोट ठेवून म्हणाला, "मास्तर, ज्यानं हे कडं घातलं, त्यानं आदी एक तरी छत्री फाडली असंल. लई रडला असंल गडी."

त्यानंतर महिनाभर चहाच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. "मानसाला छत्री बांधनारे लई झाले, हितं आख्ख्या विमानाला बांधली!" असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगे. आपण स्वतः खणलेल्या खड्ड्यात पडत आहोत, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. कारण चित्रफीत दाखवण्यामागे नातीचा हेतू होता. तिला वैमानिक व्हायचे होते, प्रवेश मिळाला होता, आणि त्या घरात थोरल्याच्या, म्हणजे त्याच्या, होकाराशिवाय शेळीसुद्धा वेशीबाहेर जात नाही. हे ऐकून तो आठ दिवस मशीनवर बसला नाही. मग अट घातली: "छत्रीवालं विमान असंल तर जा. न्हाई तर बीएस्सी कर."

म्हणून आम्ही तिघे ती प्रशिक्षण संस्था पाहायला गेलो. तेथे दोन विमाने होती. नव्याला छत्री होती, जुन्याला नव्हती. तरुण प्रशिक्षकाने आम्हाला नव्या विमानात डोकावू दिले. पुढच्या क्षणी माझ्या मित्राचा हात सवयीने त्या लाल मुठीकडे गेला. मुठीला सुरक्षेची खीळ लावलेली होती हे खरे, तरी प्रशिक्षक ओरडला.

"काका, हात खाली! ती ओढायची नाही!"

"ओढल्याबिगर कळंल कसं, उघडती का न्हाई?"

"रॉकेट सुटेल, काका!"

"बरं. मंग निदान शिलाई दावा."

"सीलबंद आहे. घडी घालणाऱ्यानंतर ती कुणीच पाहिलेली नाही."

छत्री जेथे दडवलेली होती, तेथे विमानाच्या पाठीवर तळवा ठेवून तो उभा राहिला. आपल्या सबंध जगण्याचा नियम मोडणारी वस्तू त्याला प्रथमच भेटली होती, आणि तिच्यावर त्याच्या नातीचा जीव टांगायचा होता. शेवटी नातच म्हणाली, "नाना, जाऊ का नको, तेवढं सांगा. बाकी समदं मागून तपासा."

"जा," तो म्हणाला. "पन बसायचं छत्रीवाल्यातच."

तिने इतक्या तत्परतेने 'हो' म्हटले, की शिक्षक म्हणून मला तत्काळ शंका आली. मी ती बोलून दाखवली नाही.

आता ती तेथे शिकते. रोज अस्रच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या, नमाजानंतर तिचा फोन येतो. दुकानात कोणीही असले तरी मशीन थांबते. "आज कोन्तं विमान?" हा पहिला प्रश्न. "छत्रीवालंच, नाना," हे ठरलेले उत्तर. मग जेवणाची चौकशी, आणि फोन बंद.

परवा मी समोर होतो. फोन ठेवून तो सुईत दोरा ओवू लागला आणि सहज म्हणाला, "मास्तर, त्या छत्रीची मुदत मागल्या महिन्यात सरली. विमानातल्या पट्टीवरची तारीख म्या तवाच वाचलती. नव्यानं घडी घालून येईस्तवर ते विमान उडत न्हाई. त्या प्रशिक्षकालाच इचारलं म्या."

"मग ती रोज..."

"जुन्यातच उडती."

"अरे, मग त्या तारखेचं तिला विचारत का नाहीस?"

त्याने सुई खाली ठेवली. "इचारलं तर खरं सांगंल ना बे."

त्याने फोन उचलून पडदा सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तो पुन्हा मशीनवर, नजरेसमोर, नीट मांडून ठेवला. त्या संध्याकाळी मशीन पुन्हा सुरू झाले नाही.