तेहतीसवरचं दुःख

माणसानं माती खावी, पण निदान कांदेपोहे संपल्यावर तरी! मला तेवढाही धीर नव्हता. ऐका आता.

साल एकाहत्तर. मी नगरच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवायचो आणि फ्रेंच कविता नि संगीत यांच्या नात्यावर प्रबंध लिहायचो. असल्या माणसाला मुलगी कोण देणार? पाच स्थळांनी नारळ दिला होता. सहावं देवळाली प्रवराचं. हेही हुकलं तर जन्मभर खानावळच!

मामाला घेऊन गेलो. मुलीच्या वडिलांचं, नानांचं, लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान. त्यांनी बसल्या बसल्याच विचारलं, "ह्या फ्रेंच गान्यांचं पुढं काय व्हतं? त्यापरीस कारखान्यात का चिकटत न्हाई?"

झालं! माझं डोकंच सटकलं. "ऐकाच तुम्ही!" म्हणत मी पिशवीतून एक बारकी रेकॉर्ड काढली. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेली, कव्हर नसलेली. नानांनी रेकॉर्ड वाजवायचा फोनो पुढं सरकवला, वेगाचा खटका मीच तेहतीसवर लावला.

एक भसाडा पुरुषी आवाज कण्हायला लागला. मला चेव चढला! "शब्द एवढेच, 'ये, नदीवर ये.' पण सूर काय सांगतोय? येणारी वारलीय! हेच माझं संशोधन!"

मामानं उपरण्यानं डोळे टिपले. नानांनी तर टोपीच काढली हो!

तेवढ्यात मुलगी, सुमन, पोहे घेऊन आली. ताट ठेवलं, जरा ऐकलं आणि फोनोचा खटका तेहतीसवरून पंचेचाळीसवर टाकला.

अरे देवा! एक बाई खिदळत, ठुमकत गायला लागली! कसला पुरुष नि कसलं दुःख! जत्रेला निघाल्यासारखी नुसती बागडत होती.

"मेलेली उठली की वो!" नाना ओरडले.

"बारक्या रेकॉर्डला पंचेचाळीस लागतं," सुमन म्हणाली. "तुमी घरी कितीवर ऐकता?"

थाप मारली असती तर निभावलं असतं. पण सुचेल तर ना! "तेहतीसवरच. तीन वर्षं. त्या दुःखावर ऐंशी पानं लिहिलीत. आमचे गाईड सर वाचून रडले."

असा हशा उसळला, की मी लाजेनं चपला शोधायला लागलो.

"बसा वो!" नाना म्हणाले. "सुमे, काय म्हनतीस?"

"चालंल," ती पदरात हसत म्हणाली. "चूक दावली तर कबूल तरी करत्यात."

लग्न झालं, संसार झाला. पण अजून कुणी तिला विचारलं, "तुमचे मिस्टर काय करत्यात?" की बायको थंडपणे सांगते, "हसत्या बाईचा बाप्या करत्यात, आन् मग रडत बसत्यात!"