सूत्रधार घडवणाऱ्या बाई

नव्या माणसाला खेळ चालवायला शिकवताना बाई नियमांच्या पुस्तकावर बसत. जाडजूड पुस्तक खुर्चीत, त्यावर उशी आणि उशीवर स्वतः. शिकणारा अडला आणि एकदा पुस्तक बघू का म्हणाला, तरी त्या जागच्या हलत नसत. "त्यात नाहीये ते," म्हणत. "समोर बसलेत त्यांना विचार."

खेळ असा. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेक पात्र होतो. एक जण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकतात. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. नागपूरच्या पुतण्याने परदेशातून येताना हा खेळ आणला होता, आणि दिल्लीत मुनिरक्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी आसपासचे विद्यार्थी जमायचे. दिल्लीत बाई म्हणजे घरकामाला येणारी, त्यामुळे मुलं सुरुवातीला संकोचायची. त्या हसून सांगायच्या, "बुलाओ, बुलाओ. मराठी में बाई पढ़ाती है."

मी जवळच्याच सरकारी वसाहतीतली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीसाठी अहमदनगरहून आलेले. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी बाईंकडे, असं माझं कॉलेजभर चाललं. घरात मराठी होती, पण निम्मी हिंदीच. खंदक, बुरूज, भुयार हे शब्द मला बाईंनी काढलेल्या नकाशांवरून कळले.

पहिल्यांदा सूत्रधार झाले तेव्हा मी अकरा पानं लिहून नेली होती. किल्ला, फितूर किल्लेदार, सगळं तयार. खेळणारे दरवाजापर्यंत आले आणि बाहेर बसलेल्या एका कुंभाराशी गप्पा मारू लागले. माझ्या पानांत कुंभाराला एक ओळसुद्धा नव्हती. मी त्यांना पुनःपुन्हा आत ढकलत होते. बाईंनी हात लांब करून माझी पानं उचलली, घडी घातली आणि हळूच विचारलं, "रूथ, कुंभाराचं नाव काय?" मी सुचेल ते सांगितलं. मग त्याला एक मुलगी झाली, ती किल्ल्यात अडकलेली निघाली, आणि संध्याकाळपर्यंत कोणी टेबलावरून उठलं नाही. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "तू सांगायला बसत नाहीस. ऐकायला बसतेस."

गप्प बसणाऱ्या माणसाला कसं बोलतं करायचं, हे त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही. त्याला त्या मोठा पेच कधीच टाकत नसत. तुझ्या पिशवीत खायला काय आहे, असं काहीतरी विचारायच्या. भाकरी आहे म्हटलं की, कुणी करून दिली? तिसऱ्या प्रश्नाला तो माणूस खेळात आलेला असायचा.

पुढे मला गुडगावात नोकरी लागली. तिथल्या एका कॅफेत आम्ही रविवारी चार वाजता नवख्यांसाठी टेबल सुरू केलं. बाई मेट्रोने यायच्या. पण त्यांचं काहीतरी बिघडायला लागलं होतं. कुणी काही सांगावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं. वय झालं, आता स्वतःच्याच तंद्रीत असतात, असं मी ठरवून टाकलं. एका रविवारी प्रथमच आलेली एक मुलगी शिपायांना बघून म्हणाली, "मैं कुएँ के पीछे छुप जाती हूँ." बाई म्हणाल्या, ठीक आहे, तू चूप उभी आहेस आणि शिपाई तुझ्याकडे येताहेत. मुलगी गोंधळली. दोघं-तिघं हसले. मला लाज वाटली, आणि आठ माणसांसमोर मी बोलले, "बाई, राहू द्या आज. तुम्ही ऐकतच नाही. मी घेते पुढे."

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. त्या उठल्या, मला खुर्ची दिली आणि बाजूला बसून शेवटपर्यंत खेळ बघत राहिल्या. त्या आठवड्यात मी त्यांना वगळून नवा ग्रुप केला. शनिवारी त्यांचा फोन आला, उद्या आहे ना? मी मोठ्याने सांगितलं, सध्या बंद आहे. "अच्छा," त्या म्हणाल्या. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही.

सहा-सात महिन्यांनी कॅफेत नसीम नावाची एक बाई आली. एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. कानांना यंत्र बसवून घ्यायला आलेल्या एका वयस्क पेशंटने तिला तपासणीतच या खेळाची गोडी लावली होती. "त्या म्हणाल्या, मला आता ऐकू येत नाही, मी चालवणं सोडलं. रूथकडे जा, ती छान ऐकते," नसीमने सांगितलं. दिवस, वेळ, जागा सगळं बाईंनीच लिहून दिलं होतं. म्हणजे टेबल चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, ते मला विचारवलं नाही.

पुढच्या शनिवारी मी मुनिरक्याला गेले. यंत्र त्यांना सोसत नव्हतं, डोकं दुखतं म्हणाल्या. येणाऱ्यासाठी टेबलावर पाटी आणि पेन्सिल ठेवली होती. तोंडाने माफी मागायची तर ओरडावं लागलं असतं, आणि जिन्यात मुलांची ये-जा चालू होती. बाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले.' कपबशी वाजली. त्या दारात दिसल्या आणि मी तळहाताने पाटी पुसली. त्यांनी चष्मा लावून काय लिहिलं म्हणून विचारलं, तेव्हा मी लिहिलं, 'साखर कमी.'

"बरं झालं लिहिलंस," बाई म्हणाल्या. "माणसं सांगत नाहीत, मग मला कळत नाही."

त्याच महिन्यात पुतण्या त्यांना नागपूरला घेऊन गेला. वर्षभरात त्या गेल्याचं कळलं. नसीम आता उत्तम खेळ चालवते, माझ्यापेक्षा चांगला. बातमी आली तेव्हा तिने विचारलं होतं, त्या शनिवारी बाईंशी सगळं बोललात ना? मी हो म्हणाले. तिला ते अजून खरं वाटतं.