भोंगाबाई

बाईमाणसानं कसं चालावं हे मी एका बाईला शिकवलं आणि तिचा हात मोडला. शिकवताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष होते. पर्सला चेन होती, जिभेला नव्हती.

ती बाई फासेपारध्यांची. केडगावच्या अलीकडे, कालव्यापल्याड त्यांची पालं होती. ती कुठंही निघाली की लांबूनच कळायचं. "आले वंऽ माय, बांधावर आले... आता हिरीपाशी आले... गोठ्यावरनं चालले वंऽ." रिकामे हात दिसतील असे धरून, रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात. कडेच्या सावलीतनं चालताना मी तिला कधी पाहिलं नाही. साखर कारखान्याच्या भोंग्यावरून आम्ही तिला भोंगाबाई म्हणायचो. ज्वारीवरची पाखरं हाकलून तिला ओरडायची सवय लागली असणार, असा शोध मी लावला होता. तिचं खरं नाव विचारायचं मात्र सुचलं नाही. गावची ज्वारी राखायला तीच, आणि गावात काही चोरीला गेलं की पहिली झडती तिच्याच पालाची. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नसे.

मंडळात मी भाषण ठोकायचे: बाईला जात नसते, सगळ्या बायकांचं दुःख एकच. बायका माना डोलवायच्या. भोंगाबाई उंबऱ्याबाहेर बसून ऐकायची. तिला आत ये म्हटलं असतं तर बाकीच्या उठून गेल्या असत्या, म्हणून मी म्हणत नव्हते. एकदा तिनं तिथूनच विचारलं, "ताई, तुमास्नी नवऱ्यानं मारलं तर कुठं जाता?"

"माहेरी. नाहीतर पोलिसात."

"आमी पोलिसात गेलो तर आमालाच बसिवत्यात. म्हनत्यात, नवरा कुठं दडवलाय ते आधी सांग."

बायका हसल्या. मीही हसले. मग मला वाटलं, हिला जरा रीतभात शिकवली की हिची अर्धी दुःखं जातील. "हे बघ," मी म्हणाले, "आधी ते वरडत चालणं सोड. चांगल्या घरच्या बायका कशा खाली बघून, आवाज न करता येतात? तशी ये एकदा माझ्याकडं. चहा पिऊ."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमी म्हनताय म्हनून," एवढंच बोलली.

त्याच सुमारास विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या. संध्याकाळी पारावर माणसं जमायची आणि बोलायची नाहीत. आमच्याकडची भांडणं आरडाओरड्याची असतात, ती विझतातही लवकर. हे गप्प बसणं वेगळं होतं. माझे चुलत सासरे, आप्पा, काठीला तेल लावताना दिसले. मी त्यांना चहा नेऊन दिला आणि आत आले.

अशाच एका तिन्हीसांजेला ती आली. खाली मान, पायांचा आवाज नाही, कुंपणाच्या कडेनं. पदराखाली माझ्यासाठी बोरं. मी दारातून तिला ओळखलं आणि खूश झाले, कारण माझी शिकवणी लागू पडली होती. तेवढ्यात गोठ्याआडून आप्पा आले, मागनं आणखी दोघं.

"पदराखाली काय हाय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. हिला मी बोलावलंय, एवढंच म्हणायचं होतं. यवतपासून दौंडपर्यंत भाषणं करत फिरणारी मी, पण सासऱ्यांपुढं तोंड उघडेना. चांगल्या घरच्या सुना उघडत नाहीत ना. मी बोलले, पण काठी पडल्यावर. बोरं अंगणभर झाली.

"मग आदी सांगायचं न्हाई का, सूनबाई?" आप्पा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मोटारी पुढं एका भंगारवाल्याकडं सापडल्या. विकणारा आमच्याच भावकीतला निघाला. त्याच्यावर कुणी काठी उगारली नाही. सुधारेल म्हणून त्याचं लग्न लावून दिलं. पालं त्याआधीच उठली होती. कुठं गेली, कुणी विचारलं नाही. आता मी कुणाच्याही दारी जाताना फाटकापासूनच खोकते, हाका मारते, बांगड्या वाजवते. सुनांना वाटतं, म्हातारीला ऐकू कमी येतं. नाती तर मलाच भोंगा म्हणतात. म्हणू देत.

पण पालं उठायच्या आधीची एक सकाळ सांगायची राहिली. काठी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी हळद घातलेलं दूध घेऊन पालांकडं गेले. शरमेनं चपलेचाही आवाज होऊ दिला नाही. पोचले तर चुली पेटलेल्या, तव्यावर भाकरी करपत होती आणि माणूस एक नाही. वारा पडलेला, तरी शेजारचा ऊस हलत होता. आत एक लेकरू रडायला लागलं, आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलं.

उसातनं ती एकटी बाहेर आली. हात फडक्यात बांधलेला. मला बघून तिनं मागं वळून आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. ऊस हलायचा थांबला, पण कुणी बाहेर आलं नाही. मग ती माझ्याजवळ आली आणि पहिल्यांदाच अगदी हळू बोलली:

"ताई, आमच्याकडं येताना बी वरडत येत जावा. गप येत्यात ते पोलीस असत्यात."