डोकं कुणाचं दुखत न्हाई?

आमच्या म्हसवडकडच्या घरात बाईला दिवसाउजेडी आडवं पडायला एकच कारण चालतं. ती ‘बाजूला’ असली पाहिजे. मग चार दिवस चूल नाही, देव नाही, पाण्याचा हंडा नाही. मागच्या दारची सरपणाची अंधारी खोली तिची. तापानं फणफणली तरी भाकरी थापायच्या, पण विटाळ म्हटलं की सासूबाईसुद्धा चार हात लांब.

माझ्या थोरल्या जावेला अर्धशिशी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. आधी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात, मग अर्धं डोकं घणानं ठोकल्यासारखं ठणकतं, उजेड सोसत नाही, फोडणीच्या वासानं उलटी होते. ती डोक्याला फडकं करकचून बांधते, दुकानातली गोळी चहाबरोबर गिळते आणि पिठात हात घालते. सासूबाईंना सांगायला जावं तर एकच उत्तर, "डोकं कुणाचं दुखत न्हाई?"

या वाक्याची मला चीड आहे. ते खरं आहे, म्हणून जास्तच. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका बघा, निम्म्यांच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी असते. किराणा दुकानात त्या बिस्किटांशेजारी लोंबतात. गावात तपासणीचं शिबिर आलं की साखर बघतात, रक्तदाब बघतात, डोळे बघतात. डोक्याचं कुणी विचारत नाही. सगळ्यांचंच दुखतं म्हणजे कुणाचंच दुखत नाही, असला हा न्याय! गुडघा सुजला तर दिसतो तरी. डोकं सुजत नाही, एवढाच बाईचा गुन्हा.

मग जावेनं वाट काढली. डोकं उठलं की ती म्हणायची, "मी बाजूला हाय," आणि अंधारात जाऊन पडायची. मला हे माहीत होतं आणि तिच्या हुशारीचं कौतुकच वाटायचं. पण डोकं काही पाळी बघून उठत नाही. एकाच महिन्यात ती तिसऱ्यांदा बाजूला बसली, तेव्हा सासूबाई घाबरल्या. इतकी वर्षं तिच्या डोक्याला कुणी घाबरलं नव्हतं, गर्भपिशवीला मात्र लगेच घाबरले! थोरले दीर फौजेतून रिटायर होऊन आलेले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

दवाखान्यात मी सोबत होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि पिशवीला सूज आहे म्हणाले. मुलं झालीत ना, मग काढून टाका.

मला राहवेना. "आवं डॉक्टर, ह्यांचं अंगावरनं जास्त काय जात न्हाई. डोकं दुखतंय, म्हणून झोपत्यात."

डॉक्टर हसले. "पिशवी काढली की डोकंपण थांबेल."

ते ऐकून जावेच्या तोंडावर जी आशा उमटली, ती आठवली की आजही माझ्या जिवाचा संताप होतो. तिनं माझा हात दाबला. "गप बस गं. थांबलं तर बरंच हाय की."

पिशवी गेली. टाके भरेपर्यंत सगळ्यांनी तिला जपलं, शिरा करून खाऊ घातला. मग उन्हाळ्यात, पापड लाटायच्या दिवशी, तिचं डोकं पुन्हा उठलं. पहिल्यापेक्षा जोरात. ती भिंत धरत सरपणाच्या खोलीकडं निघाली, तर सासूबाई कडाडल्या, "आता कशाची बाजूला बसतीस? पिशवी हाय कुठं?"

जाऊ उंबऱ्यातच बसली. तिनं रडूही दाबून धरलं होतं, कारण रडलं की जास्त ठणकतं.

माझं माथं भडकलं. मी लाटणं फेकलं, जाऊन तिला कवेत घेतलं आणि ओरडले, "मी बाजूला हाय! आन् मी ह्यास्नी शिवलीया."

"मग आंघोळ करून यिऊ दे तिला."

"यिऊ द्या. मी परत शिवीन. दिसभर शिवीन."

सकाळपासून मी लाटलेले पापड अंगणात वाळत होते. ते सगळे बाटले. सासूबाई त्या पापडांकडं बघून रडल्या, अगदी हुंदके देऊन. मी जावेला सरपणाच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आणि आतून दाराला कडी घातली.